दुर्मीळ की नुसतेच मागणीतले? नाणेसंग्राहकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : लिंकनच्या ‘१९०९-एस व्हीडीबी’ या एक सेंटच्या नाण्याला सगळे दुर्मीळ म्हणतात. पण नाण्यांचा कोणताही मोठा लिलाव पाहिला, तर त्यात हे नाणे दोन-चार तरी असतेच. इतके सहज मिळणारे नाणे दुर्मीळ कसे?

उत्तर : दुर्मीळ नाहीच ते. महाग आहे, एवढेच. दुर्मीळ आणि महाग या दोन शब्दांची गल्लत नवे संग्राहक करतात आणि विक्रेते ती मुद्दाम होऊ देतात.

१९०९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिंकनचा चेहरा असलेला नवा सेंट आला. तो घडवणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे मागच्या बाजूला तळाशी ठळक दिसत होती. ‘कलाकाराने स्वतःची एवढी जाहिरात कशाला करावी?’ अशी ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत अक्षरे काढली गेली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत, म्हणजे ‘एस’ खुणेची, ४,८४,००० नाणी पाडून झाली होती. त्याच अक्षरांची फिलाडेल्फियाची नाणी २ कोटी ७९ लाखांवर आहेत. वाद गाजल्यामुळे लोकांनी ही नाणी पहिल्यापासूनच बाजूला काढून ठेवली. त्यामुळे आजही ती हजारोंनी शिल्लक आहेत, आणि चांगल्या अवस्थेतली पुष्कळ आहेत.

मग भाव कशाने चढला? पुठ्ठ्याने! १९३० च्या दशकात अमेरिकेत नाणी खोचून ठेवायचे पुठ्ठ्याचे फलक विकायला आले. प्रत्येक वर्षासाठी आणि प्रत्येक टांकसाळीसाठी एकेक गोल भोक. सुट्या पैशांतून एकेक सेंट शोधून भोके भरायची. बाकीची भरत जायची आणि एक हमखास रिकामे राहायचे. ते भोक आजही असंख्य आल्बमांत रिकामे आहे. नाणी हजारो असली तरी भोके त्याहून कितीतरी जास्त आहेत. भाव ठरवला तो या भोकांनी.

याच्या अगदी उलट उदाहरण प्राचीन ग्रीक नाण्यांचे. काही छोट्या नगरांची चांदीची नाणी अशी आहेत की साऱ्या जगात त्यांचे दहा नगही माहीत नाहीत. तरीही ती बेताच्या भावात जातात, कारण त्या नगराची नाणी जमवणारे लोक बोटांवर मोजण्याइतकेच. दुसरीकडे अथेन्सचे घुबडाचे टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राक्मांचे चांदीचे नाणे, साधारण १७.२ ग्रॅमचे. ते प्रचंड संख्येने पाडले गेले, त्याचे साठेच्या साठे जमिनीतून निघालेले आहेत आणि अजून निघतात. तरी त्याचा भाव त्या दहा नगांवाल्या नाण्यापेक्षा चढा असतो. ज्याने आयुष्यात एकच ग्रीक नाणे घ्यायचे ठरवले आहे, त्याला घुबडच हवे असते.

स्वतःशी एक साधा हिशेब करून पाहावा. रोख पैसे घेऊन आज निघालो, तर हे नाणे किती दिवसांत हाती येईल? आठवड्यात येत असेल तर ते मागणीतले. वर्षभर वाट पाहूनही एकदाच समोर येत असेल तर ते दुर्मीळ. सेंटांमधले ‘एस व्हीडीबी’ पहिल्या जातीचे. १९१३ चे ‘लिबर्टी’ निकेल (पाच सेंटचे नाणे) दुसऱ्या जातीचे, त्याचे जगात पाचच नग आहेत.


प्रश्न : ‘इतकी नाणी पाडली’ हा टांकसाळीचा आकडा कॅटलॉगमध्ये असतो. तो पाहून दुर्मीळपणा ठरवता येतो का?

उत्तर : सुरुवात म्हणून पाहावा, त्यावर विसंबू नये. किती पाडली हे तो आकडा सांगतो. किती उरली आणि कशा अवस्थेत उरली, हे सांगत नाही.

अमेरिकेत १९१८ च्या पिटमन कायद्याखाली चांदीचे २७ कोटींहून अधिक डॉलर मुशीत गेले. कोणत्या सालाचे किती गेले याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणजे कॅटलॉगमध्ये एखाद्या मॉर्गन डॉलरसमोर (त्या काळचा चांदीचा डॉलर) मोठा आकडा दिसला, तरी त्यातले अर्धे तेव्हाच वितळले असणे शक्य आहे. आणि उलटही घडते. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर (‘१९०३-ओ’) ४४ लाखांवर पाडलेला, पण बाजारात दिसेना. बहुतेक सगळे वितळले असे धरून संग्राहक त्यासाठी भरमसाट पैसे मोजत. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव धाडकन कोसळला. ज्यांनी आदल्या वर्षी घेतले होते त्यांचे नाणे तेच होते, त्याची चमकही तीच होती.

आकडा फसवतो त्याचा आणखी एक नमुना १८०४ च्या चांदीच्या डॉलरचा. टांकसाळीच्या हिशेबात त्या वर्षी एकोणीस हजारांवर डॉलर पाडल्याची नोंद आहे. पण ते सगळे आधीच्या सालांच्या साच्यांतून पाडलेले होते. ज्यावर खरोखर ‘१८०४’ असे साल आहे ते डॉलर १८३४ मध्ये आणि त्यानंतर तयार झाले, आणि त्यांचे पंधराच नग माहीत आहेत. टांकसाळीचे वर्ष आणि नाण्यावरचे साल जुळतेच असे नाही.

तिसरा प्रकार डेन्व्हरच्या १९५० च्या निकेलचा. संख्या २६,३०,०३०, म्हणजे जेफरसन निकेलांत सर्वांत कमी. हे त्याच वर्षी सगळ्यांना कळले, आणि लोकांनी चाळीस-चाळीस नाण्यांच्या गुंडाळ्या बांधून घरात ठेवल्या. साठच्या दशकाच्या आरंभी त्यांवर सट्टा चालला, मग तो फुटला. आज या नाण्याची गंमत अशी की करकरीत नग सहज मिळतो, पण खिशाखिशांतून फिरून झिजलेला नग शोधायला वेळ लागतो. जे नाणे पहिल्या दिवसापासून ‘दुर्मीळ’ म्हणून गाजते ते टिकून राहते. ज्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही तेच पुढे मिळेनासे होते. ‘एस व्हीडीबी’च्या दुपटीहून जास्त, ११,९३,००० इतका पाडलेला १९१४ चा डेन्व्हर सेंट करकरीत अवस्थेत त्याच्यापेक्षा अवघड आहे, तो यामुळेच.


प्रश्न : माझ्याकडे एका मॉर्गन डॉलरला ‘या दर्जात जगात फक्त ३’ असे सांगून विकायला आलेला माणूस आहे. ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या, यादीतही तसेच दिसते. हे खरे मानावे?

उत्तर : यादीत असेल. पण वाक्य नीट वाचा. ‘या दर्जात’ हे शब्द काढले की काय उरते? त्याच नाण्याचे त्याखालोखालच्या दर्जात किती नग आहेत, ते त्याच यादीत पाहा. तीन वर आणि त्याच्या एक पायरी खाली आठशे असतील, तर तुम्ही नाण्यासाठी पैसे मोजत नसून एका अंकासाठी मोजत आहात. हा अंक सत्तरच्या मापपट्टीवरचा. डॉ. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये जुन्या, आकाराने मोठ्या सेंटांसाठी आखली, आणि हल्लीच्या कंपन्या सगळ्याच नाण्यांना लावतात. ६५ आणि ६६ मधला फरक दोन जाणकारांत वाद लावू शकतो. कधी कधी एकाच जाणकाराच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या मतांतही.

अवस्थेमुळे आलेला दुर्मीळपणा खोटा असतो असे मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा डॉलर ३२ लाख पाडला गेला. झिजलेला हवा तेवढा मिळतो. पण तो जवळजवळ सगळाच व्यवहारात फिरला, त्यामुळे न वापरलेला नग खरोखर विरळा. इथे झिजलेला आणि न वापरलेला यांत दरी आहे, ती नुसत्या डोळ्यांना दिसते. दोन शेजारच्या अंकांतला फरक तसा नसतो.

यादीच्या संख्येबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जास्त अंकाच्या आशेने लोक कंपनीची सीलबंद डबी फोडून तेच नाणे पुन्हा पुन्हा पाठवतात आणि डबीतली दर्जाची जुनी चिठ्ठी परत करत नाहीत. त्यामुळे एकच नाणे यादीत तीनदा मोजलेले असू शकते. दुसरी, स्वस्त नाणी कोणी पाठवतच नाही, कारण तपासणीचा खर्च नाण्याहून जास्त होतो. म्हणून महाग नाण्याची संख्या फुगलेली असते आणि सामान्य नाण्याची कमी दिसते. ‘यादीत फक्त ३’ असलेले नाणे कपाटा-कपाटांत पडलेलेही असू शकते.


प्रश्न : टांकसाळीने काढलेली मर्यादित संख्येची स्मारक नाणी पुढे दुर्मीळ होतील का?

उत्तर : संख्या कमी राहील. पण ‘दुर्मीळ’ होण्यासाठी काही नगांना हरवावे लागते, आणि डबीत, प्रमाणपत्रासह विकलेले नाणे हरवत नाही. मोनॅकोने २००७ मध्ये ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ दोन युरोचे नाणे काढले, संख्या २०,००१. ते महाग आहे, कारण दोन युरोंची स्मारक नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला मालिका पुरी करायला ते लागते. पुन्हा तेच, भोक. मालिकेत न बसणारी सुटी स्मारक नाणी याहून कमी संख्येची असूनही टांकसाळीच्या किमतीखाली विकली जातात.

व्यवहारात सोडलेल्या नाण्यांचे वेगळे. ब्रिटनच्या क्यू गार्डन्सच्या २००९ च्या पन्नास पेन्सची संख्या २,१०,००० आहे, आणि ते सुट्या पैशांत सापडू शकते म्हणून गाजले. २०१९ मध्ये तोच छाप संग्राहकांसाठी पुन्हा काढला गेला. त्यावर २०१९ साल आहे. घेताना साल बघा, छाप पाहून भुलू नका. २०२३ च्या अटलांटिक सॅमनच्या पन्नास पेन्सची संख्या तर त्याहूनही थोडी कमी, २,००,०००. पण त्याला अजून तेवढी वर्षे चर्चा मिळालेली नाही.


प्रश्न : मागणीतल्या नाण्यांची बनावट जास्त होते असे ऐकले. घरच्या घरी काय तपासता येईल?

उत्तर : बरोबर ऐकलेत. खऱ्या दुर्मीळ नाण्याची नक्कल करून ती खपवायची कोणाला? त्याचे सगळे नग ओळखीचे असतात. ज्या नाण्याला हजार गिऱ्हाइके आहेत, त्याचीच बनावट फायद्याची.

साहित्य थोडे लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, चुंबक आणि एकाच बाजूने पडणारा दिवा. नाणे कडेने धरायचे, आणि दिवा तिरपा ठेवून नाणे हळूहळू फिरवायचे. वरून थेट उजेड पडला की उठाव दिसत नाही.

१९१४ चा डेन्व्हर सेंट घ्या. सर्वांत नेहमीची लबाडी म्हणजे १९४४ च्या डेन्व्हर सेंटातल्या पहिल्या ४ चा डावा भाग कोरून त्याचा १ करणे. इथे काटा काही सांगत नाही, कारण दोन्ही नाणी ३.११ ग्रॅमचीच. पण ४ चा डावा भाग गेला की ९ आणि १ यांच्यामध्ये मोकळी जागा उरते. अस्सल १९१४ मध्ये हे दोन आकडे जवळ असतात. त्यानंतर भिंग लिंकनच्या खांद्याच्या खालच्या कडेवर न्या. ब्रेनर यांची आद्याक्षरे बारीक रूपात १९१८ पासून तिथे परत आली. १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. दिसली तर प्रश्न संपला. न दिसली, पण तिथला पृष्ठभाग घासल्यासारखा, आजूबाजूपेक्षा वेगळ्या चमकेचा दिसला, तरी संपला.

‘एस व्हीडीबी’मध्ये फिलाडेल्फियाच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवतात. भिंगाखाली खुणेच्या पायाशी बारीक फट किंवा रंगाची रेघ शोधा. साच्यातून उमटलेली खूण पृष्ठभागातून वर आलेली दिसते, चिकटवलेली त्यावर बसवलेली. अस्सल ‘एस’च्या वरच्या वळणात एक बारीक उठावदार ठिपका असतो, आणि मागच्या बाजूला ‘बी’ची मधली रेघ तिरकी चढलेली असते. शिवाय अस्सल नाण्यांत ‘एस’ची जागा चारच प्रकारची आढळते. तुमच्या नाण्यावर ती पाचव्याच ठिकाणी असेल, तर बाकीचे तपासायची गरज नाही.

१९४३ च्या तांब्याच्या सेंटाची बातमी दर वर्षी फिरते. त्या साली युद्धामुळे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले होते. चुकून कांशाचे काही थोडे पाडले गेले. हाती आलेल्या ‘तांब्याच्या’ नगाला आधी चुंबक लावा. चिकटला तर पोलादावर तांब्याचा मुलामा आहे. न चिकटला तर वजन करा : पोलादी २.७० ग्रॅम, कांशाचा ३.११. वजनही ३.११ आले, तर शेवटचा आकडा बघा, कारण १९४८ च्या ८ ला कापून ३ करणारेही आहेत.

१८९३ च्या सॅन फ्रान्सिस्को डॉलरची (१,००,००० पाडलेले) एक सोय आहे. त्याच्या चेहऱ्याच्या बाजूचा साचा एकच होता. त्या साच्यावरच्या ओरखड्यामुळे मुकुटावरच्या ‘लिबर्टी’ शब्दातील ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक उठावदार तिरकी रेघ उमटली आहे. ती नसेल, आणि नाणे फार झिजलेले नसेल, तर शंका घ्या.

चांदीच्या डॉलरची विशिष्ट घनताही घरी काढता येते. नाण्याचे कोरडे वजन घ्या, ते २६.७३ ग्रॅमच्या आसपास हवे. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून तो शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा. तळाला किंवा काठाला लागू देऊ नका, अंगावरचे बुडबुडे झटका. काटा जे दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. नव्वद टक्के चांदी असेल तर काटा साधारण २.५९ दाखवतो आणि भागाकार १०.३ च्या जवळपास येतो. नऊच्या आतबाहेर आला तर आत तांबे-निकेल किंवा पितळ आहे. छोट्या नाण्यांना ही रीत लावू नका. पाण्याच्या एका थेंबाने उत्तर बदलते.


प्रश्न : माझ्या सेंटावर साल दुहेरी दिसते. व्हिडिओंत असल्या नाण्यांच्या लाखांच्या किमती सांगतात.

उत्तर : बहुधा ते छापताना साचा किंचित सरकल्यामुळे आलेले दुहेरीपण असेल, आणि त्याला काही किंमत नाही. ओळख सोपी आहे. सरकलेल्या साच्याने उठलेल्या अक्षराची कड दाबली जाते, म्हणून अक्षराशेजारी चपटी, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होते. साचाच दुहेरी घडलेला असेल, तर दोन्ही आकडे तितकेच गोलसर उठतात, अक्षर जाड होते आणि त्याच्या टोकांना खाच दिसते. १९५५ च्या फिलाडेल्फिया सेंटात हे नुसत्या डोळ्यांनी वाचता येते, म्हणूनच तो गाजला. त्याचे वीस हजारांहून अधिक नग व्यवहारात गेले असे मानतात. म्हणजे पुन्हा मागणीतलेच! भिंगाखालीच दिसणारे दुहेरीपण त्याहून पुष्कळ कमी नगांत असते, पण घेणारा शोधावा लागतो.


प्रश्न : विकण्याआधी नाणी घासून चकचकीत करावीत का?

उत्तर : नको. चिंच, टूथपेस्ट, पितांबरी, काहीही नको. घासल्याने पडलेल्या रेघा भिंगाखाली लगेच दिसतात आणि नाण्याचा दर्जाच जातो. प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या पीव्हीसीमुळे हिरवट चिकटपणा आला असेल, तर तेवढ्यापुरते नाणे शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवावे आणि न पुसता हवेवर वाळू द्यावे. नेलपॉलिश काढायचे द्रव चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी आणि आग लांब.


प्रश्न : खरा भाव कळायचा कसा? आणि पैसे अडकवायचे तर दुर्मीळ नाणे बरे की मागणीतले?

उत्तर : मागितलेली किंमत हा भाव नव्हे. त्या किमतीला नाणे वर्षभर पडूनही असते. विक्री झालेल्यांचीच नोंद पाहा. लिलावगृहांचे जुने निकाल खुले असतात. गेल्या बारा महिन्यांतल्या त्याच साल-टांकसाळीच्या, त्याच दर्जाच्या विक्री काढा. प्रमाणपत्राचे क्रमांक लिहून घ्या, म्हणजे तेच नाणे दोनदा विकले गेले का ते कळेल. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची किंमत सोडून द्या. वरच्या किमतीत बहुतेकदा दोन हट्टी गिऱ्हाइके असतात, आणि खालच्या नाण्यात काही खोट असते. शेवटी लिलावाचे कमिशन वजा करा.

बारा महिन्यांत चाळीस विक्री निघाल्या, तर नाणे मागणीतले आहे. ते उद्या विकता येईल आणि भाव किती मिळेल ते आजच सांगता येईल. पण संग्राहकांची पिढी बदलली आणि पुठ्ठ्यांची भोके भरणारे घटले, तर हाच भाव खाली येतो, कारण नाणी हजारो आहेत. बारा वर्षांत दोनच विक्री निघाल्या, तर नाणे दुर्मीळ आहे. मात्र ते विकायला योग्य लिलाव आणि योग्य दोन बोलीदार लागतात. एकच बोलीदार आला तर नाणे राखीव, म्हणजे आधी ठरवलेल्या किमान किमतीला जाते. ज्याला दोन-तीन वर्षांत पैसे परत लागणार आहेत त्याने दुर्मीळ नाण्यात पडू नये. मागणीतले घ्यायचे तर झिजलेले पण न घासलेले, तपासलेले, मधल्या दर्जाचे घ्यावे. वरच्या दोन अंकांसाठी मोजलेले जादा पैसे बाजार मंदावला की सर्वांत आधी जातात.